गार्सिया द ओर्ताचा पारिजातक

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या कार्यालयातल्या एका बाईंनी हौसेने पारिजातकाचं रोप आणलं. घराचं नवं बांधकाम पुरं झालेलं, अंगणात तुळशीपाशी एक पारिजातक हवा अशी सासूबाईंची इच्छा. रोपवाटिकेत त्यांनी "रात्री फुलणारं, वासाचं" असं सांगितलं आणि विकणाऱ्याने "नाईट जास्मिन" अशी चिठ्ठी लावलेलं रोप हातात ठेवलं. दोन महिन्यांनी त्याला फुलं आली. हिरवट पांढरी, लांबट नळीसारखी, झुपक्यांनी. वास इतका उग्र की सासूबाईंना रात्री खिडकी बंद करून झोपावं लागलं. सकाळी झाडाखाली एकही फूल नाही. बाईंनी मोबाईलवर फोटो दाखवून विचारलं, "दादा, हा कसला हो पारिजातक?"

ती रातराणी होती. विकणाऱ्याने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण इंग्रजीत दोन्ही झाडांना "नाईट जास्मिन" म्हणतात आणि दोन्हींपैकी एकही खरी जाई नाही. पण या गोंधळामुळे मला एक जुना माणूस आठवला. पारिजातक म्हणजे नेमकं कुठलं झाड, हे गोव्यात बसून 450 वर्षांपेक्षाही आधी त्याने कागदावर लिहून ठेवलं होतं आणि ते लिहिणं गोव्यातच छापलंही गेलं होतं. आजचा लेख त्याच्यावर आणि त्याने पाहिलेल्या झाडावर.

पणजीत चर्चसमोर महापालिकेची बाग आहे. तिला गार्सिया द ओर्ता उद्यान म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हापासून तिच्यावरून जातो-येतो, पण हा गार्सिया कोण ते अनेक वर्षं मला ठाऊक नव्हतं. एखादा गव्हर्नर असावा असं वाटायचं. तो गव्हर्नर नव्हता, वैद्य होता. पोर्तुगालमधल्या कास्तेलु द व्हीद या गावचा. आईबाप स्पेनमधून आलेले ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेले. सालामांका आणि अल्काला इथे शिकला, लिस्बनला शिकवलं आणि 1534 साली मार्तिम आफोन्सु द सोझ याचा खासगी वैद्य म्हणून गोव्यात आला. तो पुन्हा मायदेशी गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं जाणं-येणं होतं, त्याच्यावर त्याने उपचारही केले. मुंबईचं बेट त्याला भाडेपट्टीने मिळालं होतं. गोव्यात त्याची स्वतःची बाग होती.

10 एप्रिल 1563 रोजी त्याचं पुस्तक गोव्यात जुआंव द एंडें याच्या छापखान्यातून बाहेर पडलं. नाव लांबलचक आहे, थोडक्यात "कोलोकियुश" म्हणतात, म्हणजे संवाद. इथल्या वनस्पती, मसाले, औषधं यांवर दोन माणसं बोलतात अशी त्याची रचना. एक स्वतः ओर्ता, दुसरा रुआनो नावाचा नुकताच आलेला वैद्य. रुआनो कल्पित आहे. तो युरोपातल्या जुन्या ग्रंथांचा दाखला देतो आणि ओर्ता त्याला सांगतो की ग्रंथात काहीही असो, मी डोळ्यांनी असं पाहिलं. मधूनच अंतोनिया नावाची दासी येते, फळं-पाला आणून दाखवते. गोव्यातल्या एका हिंदू वैद्याचाही उल्लेख आहे, त्याचं नाव ओर्ता "मालुपा" असं लिहितो. हा आपला म्हाळू पै असणार, असं माझं मत. याच पुस्तकात त्या वेळी गोव्यात असलेल्या लुईश द कामोईश या कवीची एक कविताही छापली आहे. छपाई मात्र यथातथाच, चुका पानोपानी. असो.

या पुस्तकात एक संवाद "आर्व्होर त्रिस्त" म्हणजे "दुःखी झाड" या विषयावर आहे. वाचताना पहिल्यांदा मला गंमत वाटली. झाड आणि दुःखी? पुढे वाचलं आणि लगेच कळलं. सूर्य मावळल्यावर फुलणारं आणि उजाडताना फुलं टाकून देणारं झाड. फूल पांढरं, देठ नारिंगी. हे देठ जेवणाला केशरासारखा रंग देण्यासाठी वापरतात. आणि गोव्यात त्याला म्हणतात "पारिझाताको".

पोर्तुगीज लोक आपल्या सवयीने शेवटी ओकार लावत, आणि त्यांच्या जे अक्षराचा उच्चार आपल्या "ज"सारखा होत नाही, म्हणून ओर्ताने झेड घातला. तेवढं काढलं की खाली उरतो तो आपला सरळ पारिजातक. 1563 साली गोव्याच्या रस्त्यावर कुणी हे झाड बोटाने दाखवून "हें कितें?" विचारलं असतं तर जे उत्तर मिळालं असतं, तेच माझ्या आजीनेही दिलं असतं.

आता यात विशेष काय, असं कुणी विचारील. विशेष आहे, कारण "पारिजातक" या नावाचं भांडण जुनं आहे. अमरकोशात हे नाव दोन ठिकाणी येतं. स्वर्गातले पाच देववृक्ष सांगताना मंदार, संतान, कल्पवृक्ष, हरिचंदन यांच्या जोडीला पारिजातक आहे. पुढे पृथ्वीवरच्या वनस्पतींत पारिजातक, मंदार, पारिभद्र ही एकाच झाडाची नावं म्हणून दिली आहेत आणि तो आपला पांगारा, लाल फुलांचा, काट्यांचा, बिनवासाचा! आपण ज्याला पारिजातक म्हणतो त्याला संस्कृतात शेफालिका म्हणायचे. बंगालीत त्याचंच शिउली झालं. हिंदीत हरसिंगार. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यात किंतूर गावी एक प्रचंड बुंध्याचा "पारिजात" आहे, कुंतीची कथा त्याला जोडलेली आहे. तो म्हणजे गोरखचिंच, मूळचा आफ्रिकेचा वृक्ष. म्हणजे एकच नाव तीन झाडांवर: काटेरी पांगारा, पंधरा माणसांनी कवेत घ्यावी अशी गोरखचिंच आणि आपल्या परसातलं हे नाजूक झुडूप.

कृष्णाने इंद्राच्या बागेतून सत्यभामेसाठी आणलेला पारिजात यातला कुठला, यावर पंडितांनी कितीही वाद घालावा. तो स्वर्गातला, त्याची ओळख पटवणं आपलं काम नाही. पण गोव्यातल्या माणसांनी हे नाव कुठल्या झाडाला दिलं आणि निदान केव्हापासून, याचा साक्षीपुरावा हवा असेल तर ओर्ताचा संवाद आहे. पांढरं फूल, नारिंगी देठ, रात्रीचा बहर. या तीन खुणांनंतर शंकेला जागाच राहत नाही. पोथ्यांत नावांची यादी मिळते, फुलाच्या देठाचा रंग मिळत नाही. तो रंग लिहून ठेवायला परदेशातून आलेला माणूस लागला, कारण आपल्याला तो रोजचाच होता.

त्या केशरी देठाबद्दल ओर्ताने जे लिहिलं ते किती नेमकं होतं हे रसायनशास्त्राने फार उशिरा दाखवलं. केशराचा रंग ज्या क्रोसेटिन नावाच्या द्रव्यापासून येतो तेच पारिजातकाच्या देठात असतं. म्हणजे नुसतं केशरासारखं दिसणं नव्हे, रंगद्रव्यच एक. आमच्या लहानपणी आम्ही देठ खुडून पाण्यात घालायचो आणि त्या पाण्याने चतुर्थीच्या आधी कागदाच्या पताका रंगवायचो. उन्हात दोन दिवसांत रंग उडून जायचा. रेशमाला त्याचा रंग बरा बसतो, पण टिकाऊ नाही हे खरं.

ओर्ताने या झाडाची एक कथाही नोंदवली आहे. पारिजातक नावाचा एक मोठा सरदार होता. त्याची सुंदर मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने काही काळाने तिला सोडलं आणि दुसरीच्या मागे गेला. तिने जीव दिला, तिला इथल्या रीतीप्रमाणे दहन केलं आणि तिच्या राखेतून हे झाड उगवलं. म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड पाहत नाहीत. इथले लोक असं सांगतात, एवढंच ओर्ता म्हणतो आणि पुढे एक मिश्किल शेरा मारतो की रोमन कवी ओव्हिड बहुधा याच मुलखातला असावा, असल्याच गोष्टी तोही रचायचा.

ही कथा मला आजीकडून कधीच ऐकायला मिळाली नाही. आमच्या घरी एकच गोष्ट, सत्यभामेच्या अंगणातलं झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात पडणारी फुलं. मुलं भांडायला लागली की आजी ती सांगायची आणि शेवटी "झाड कोणाचें आनी फुलां कोणाक!" असं म्हणून हसायची. सूर्याची कथा आज पुस्तकांतून सर्वत्र दिसते, राजकन्येची म्हणून. पण गोव्याच्या मातीत ती निदान 1563 पासूनची आहे आणि पुराणातली नसून लोकांची आहे. सूर्य पुरुष आहे, चंचल आहे, देव असूनही दोषी आहे आणि सांगणारी माणसं मुलीच्या बाजूने आहेत. कुठल्या तरी बायकांनीच ही कथा जपली असावी असं मला वाटतं.

हे पुस्तक आलं तो काळही डोळ्यांसमोर आणायला हवा. तिसवाडीतली देवळं 1540 च्या सुमारास पाडली गेली होती. इन्क्विझिशन 1560 ला गोव्यात आलं. सासष्टीतली देवळं 1567 ला पाडली. मंगेश, म्हाळसा, शांतादुर्गा याच दशकात नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे आदिलशाहीच्या हद्दीत गेल्या. त्या धावपळीत लोकांनी बरोबर काय नेलं? मूर्ती नेल्या, लिंग नेलं, कुठे कुठे नुसती माती नेली. पारिजातकाचं रोप कुणी नेलं असेल का? नेण्याची गरज नव्हती. बिया मुठीत मावतात आणि अलीकडच्या अंगणात लावलेलं झाड देव पलीकडे गेला म्हणून फुलायचं थांबत नाही. पुढे 1736 च्या इन्क्विझिशनच्या हुकुमात नवख्रिस्ती घरांपुढची तुळस काढून टाकायला लावली. तुळस हिंदूपणाची खूण ठरली.

खुद्द ओर्ताचं काय झालं? तो 1568 साली गोव्यात वारला. बाहेरून ख्रिस्ती, घरात ज्यू धर्म पाळणारा, हे त्याच्या हयातीत झाकलेलं राहिलं. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळलं. चौकशीत भावाचंही नाव निघालं. तो तर मेलेला. मग 1580 च्या डिसेंबरात त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. राखेतून झाड उगवल्याची कथा लिहून ठेवणाऱ्या माणसाची अखेर अशी राख झाली. मी हे वाचलं त्या दिवशी कार्यालयातून सुटल्यावर त्या बागेतल्या बाकावर थोडा वेळ बसलो होतो. आजूबाजूला भेळ खाणारी मुलं, पेपर वाचणारे निवृत्त लोक. त्यांनाही कुणाला ठाऊक नसावं.

थोडं विषयांतर. ज्या 1580 ला ही हाडं जाळली त्याच्या आदल्या वर्षी, 1579 ला, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्यानेच पुढे मराठीत क्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 ला राशोलला छापलं. त्यात मराठी भाषेची थोरवी गाताना त्याने फुलांमधलं फूल म्हणून मोगरीचं नाव घेतलं. पारिजातकाला तो मान मिळाला नाही याचं मला थोडं वाईट वाटतं, पण मोगरीवर राग धरणं कठीण आहे.

ओर्ताला जाळलं तरी पुस्तक वाचलं, तेही गोव्याबाहेर. क्लूसियस नावाच्या वनस्पतिज्ञाला लिस्बनमध्ये त्याची एक प्रत मिळाली. त्याने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला, तो 1567 ला अँटवर्पहून निघाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. क्रिस्तोव्हाव द कॉश्त याने 1578 मध्ये स्पॅनिशमध्ये, मग गोव्यात आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने 1596 मध्ये "दुःखी झाडा"विषयी लिहिलं. केरळात डच अधिकारी व्हान रीड याने "होर्तुस मलबारिकुस" नावाचा बारा खंडांचा ग्रंथ केला. त्याच्या 1678 च्या पहिल्याच खंडात हे झाड आहे, "मंज-पू-मरम" म्हणजे पिवळ्या फुलाचं झाड या मल्याळी नावाने. त्या ग्रंथाचा गोव्याशी सांधा असा की रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्याला मदत केली आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रशस्तिपत्रही त्याच खंडात छापलेलं आहे. ही माणसं गोव्याहून कोचीनला गेलेल्या घराण्यांतली. म्हणजे देव नदीपलीकडे गेले तशी कित्येक कुटुंबं थेट कोचीनपर्यंत पोचली आणि झाडपाल्याचं ज्ञान बरोबर घेऊन गेली.

1753 साली स्वीडनच्या लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, त्यात आपल्या झाडाला "निक्टँथेस आर्बोर-ट्रिस्टिस" असं नाव मिळालं. पहिला शब्द म्हणजे रात्रीचं फूल. दुसरा म्हणजे दुःखी झाड. ओर्ताच्या पुस्तकातलं गोव्याचं पोर्तुगीज नाव लॅटिनमध्ये जाऊन कायम झालं. जगात कुठल्याही वनस्पतिबागेत या झाडापुढे जी पाटी असते तिच्यातला अर्धा भाग असा इथून, आपल्या मांडवीकाठाहून गेलेला आहे. (लिनियसने मोगऱ्यालाही त्याच "निक्टँथेस" कुळीत घातलं होतं, नंतर 1789 ला तो जाईच्या कुळीत गेला. पारिजातक मात्र तिथेच राहिला. जाईचा तो दूरचा नातलग आहे, एकाच मोठ्या कुटुंबातला, पण खरी जाई नव्हे.)

एक गोष्ट मला खटकते ती सांगतो. आपण ज्याला स्वर्गातून आणलेलं म्हणतो त्याला त्यांनी दुःखी म्हटलं. दिवसा पाहिलं तर ते खरंच तसं दिसतं. खरखरीत पानं, वाकलेल्या फांद्या, धुळकट रंग. दुपारी आलेल्या पाहुण्याने दुःखी म्हणावं हे बरोबर. आपण पहाटे उठून पाहणारे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे ओळखायचं कसं. फुलं नसताना रोप विकत घ्यायचं असेल तर कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरवा. पारिजातकाची कोवळी फांदी चौकोनी असते, चार कडा बोटाला लागतात. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि पॉलिशपेपरसारखी खरखरीत असतात. पूर्वी सुतार या पानांनी लाकूड घासायचे. रातराणीची फांदी गोल, पानं गुळगुळीत आणि एकाआड एक. रातराणी अमेरिकेतली, पोर्तुगीज तिला "दामा द नोइत" म्हणजे रात्रीची बाई म्हणतात. फुलं आली की प्रश्नच नाही. पारिजातकाला पाच ते आठ पाकळ्या, भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या, आणि खाली तो नारिंगी देठ. ओर्ताची खूण अजून चालते.

लावायचं असेल तर बी सर्वांत सोपं. फळ चपटं, बदामाएवढं, वाळल्यावर तपकिरी होऊन मधून दोन फाका होतात आणि प्रत्येक फाकेत एकच बी. हिवाळ्यात गोळा करून ठेवा. मी पावसाच्या तोंडावर पेरलं, तीनेक आठवड्यांत अंकुर आले. फांद्या लावून पाहिल्या त्या बहुतेक कुजल्या. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत हे झाड चांगलं येतं, फक्त मुळाशी पाणी साचता कामा नये. पहिलं रोप मी विहिरीजवळच्या खोलगट जागी लावलं आणि आषाढातच गमावलं. दुसरं मेरेवर लावलं. तिसऱ्या वर्षी फुललं. ऊन भरपूर हवं. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी पानं गळत आली की बिनदिक्कत छाटणी करा. शेजारी म्हणतील झाड मारलंत. पहिल्या पावसानंतर तेच शेजारी येऊन फुलं मागतात. पावसाळ्यात पानांवर सुरवंट येतात, ते काठीने झाडून टाकले की पुरे. जी फांदी रस्त्याकडे झुकते ती तोडू नका, पहाटे येणारी मुलं तिच्याखालीच वेचतात.

आणि फुलं खुडू नयेत. आमची आजी पहाटे झाडाखाली जुनं लुगडं पसरून ठेवायची आणि उजाडायच्या आत ते चारी टोकांनी उचलायची. तुम्ही एखादं फूल फांदीवरून ओढू गेलात तर म्हणायची, "हेंच एक फूल भुंयेवयलें देवाक चलता." चातुर्मासात लक्ष वाहायचा संकल्प केला की रोजची फुलं मोजून कोळशाने भिंतीवर आकडा लिहायची. लाख पुरे होईपर्यंत कधी दोन चातुर्मास लागत.

बाईंची रातराणी आता कुंपणाशी हलवली आहे, तिथे ती सासूबाईंच्या खिडकीपासून लांब आहे. माझ्या झाडाच्या बिया मी त्यांना कार्यालयाच्या लखोट्यात घालून दिल्या. चार पेरल्या, तीन उगवल्या. परवा त्यांनी एका रोपाची कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहिली आणि फोन करून सांगितलं, "दादा, चौकोनी आहे."